सेनापतीच्या आईचे दार

एका राज्यात राजा कोण हे उंबरे ठरवीत. नवा राजा मुकुट धारण करी, नगारा वाजे, आणि घरोघरची गृहिणी आपल्या हाताने दार उघडून उंबऱ्यावर पाणी शिंपी. निदान एक दार उघडले तरी तो राजा. एकही उघडले नाही, तर सूर्य बुडताच मुकुटवाल्याचा कावळा होई. मोडून उघडलेले दार हिशेबात धरत नसत.

वेशीवर असे तीन कावळे होते. एकाने भावाला विष देऊन गादी घेतली होती, दुसऱ्याने परक्यांचे घोडेस्वार आणून, तिसऱ्याने मेलेल्या राजाच्या नावाने खोटी आज्ञा पुकारून. तिघे माणसासारखे बोलत आणि दिवसभर एकमेकांच्या चुका काढत. नगरवासी पाहुण्यांना ते मोठ्या अभिमानाने दाखवीत.

वेशीजवळच कालिंदी राहत असे. ताठ कण्याची बाई, सेनापती शार्दूलची आई. लेकाने शत्रूला पिटाळले तेव्हा तिने गल्लीभर साखर वाटली होती. एके सकाळी तिने ऐकले, की धूम्रकेश जादूगाराला हाताशी धरून शार्दूलने राजवाडा घेतला, आणि सुधन्वा महाराजांचा बसल्या जागी दगड झाला. कालिंदीने हातातले काम बाजूला ठेवले आणि दाराला अडसर घातला.

जादूगाराने शार्दूलला तीन कामे सांगितली होती. नगारखाना घ्यायचा, तळघरातल्या राखणदार नागाला झोपवून मुकुट आणायचा, आणि एक दार उघडवायचे. पहिली दोन त्याने न्याहारीच्या आत उरकली.

"तिसऱ्याची काळजी नको," धूम्रकेश म्हणाला. "एक दार तर तुझ्या आईचेच आहे."

नगारा वाजला. दारे बंदच. सैनिकांनी अंगणांत मोहरा टाकल्या, त्या तशाच पडून राहिल्या. मग भाले आपटून धमकावले. लोहारआळी हलली नाही, कोष्ट्यांची पेठ हलली नाही, खुद्द सैनिकांच्या बायकांनीही कडी काढली नाही. कालिंदी फटीतून पाहत होती. आपल्या नगराच्या अभिमानाने तिचा ऊर भरून आला, आणि त्याच वेळी लेकासाठी ती सूर्य किती वर आहे ते पाहू लागली.

ऊन कलले तेव्हा शार्दूल तिच्या दारी आला. वेशीवरचे कावळे त्याच्यासाठी जागा करू लागले.

"आई, दार उघड."

"कोण आहे?"

"तुझा शार्दूल."

"शार्दूलला हे दार कधी बंद नव्हते. डोक्यावर काय आहे?"

"राज्य आहे. उघडले नाहीस तर मी कावळा होईन. बघवेल तुला?"

कालिंदीचा हात अडसराकडे गेला. तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"नाही बघवणार. रोज दहीभात ठेवीन आणि रोज रडेन. पण सगळ्या नगराने दिवसभर दारे लावून धरली आहेत, बाळा. मी एकटीने उघडले तर कुणाला तोंड दाखवू?"

"मग मी काय करू?"

"मुकुट काढ."

"तो निघत नाही."

"कुणी सांगितले?"

शार्दूलने वेशीवरच्या कावळ्यांकडे पाहिले. मग त्यांतला म्हातारा कावळा हळूच म्हणाला, "आम्ही काढून पाहिलाच नव्हता."

सूर्य टेकला होता, आणि शार्दूलच्या दंडांवर काळी पिसे फुटू लागली होती. त्याने दोन्ही हातांनी मुकुट ओढला. कपाळाचे कातडे सोलले, रक्त डोळ्यांत आले, तरी ओढला. मुकुट निघाला आणि जमिनीवर पडताच त्याची माती झाली. शाप तिथेच सरला. वेशीवरून तीन थकलेले म्हातारे खाली उतरले, धूम्रकेशाचा धूर झाला, आणि वाड्यात दगडाच्या राजाने श्वास घेतला.

कालिंदीने दार उघडले. लेकाचे कपाळ पदराने पुसले आणि त्याचा हात धरून त्याला दरबारात नेले.

"महाराज, अपराधी आणला आहे."

"शार्दूल यापुढे शस्त्र धरणार नाही," महाराज म्हणाले. "तो वेशीवर राहील आणि आल्यागेल्याला आपला अपराध स्वतःच्या तोंडाने सांगेल." मग ते कालिंदीकडे वळले. "बाई, एक अडसर काढला असता तर तुम्ही राजमाता झाला असता."

"महाराज, आत्ता भर पेठेतून याला घेऊन आले. मान खाली घालावी लागली नाही. आणखी काय हवे?"

सुधन्वा महाराज सिंहासनावरून उठले, आणि कालिंदी दरबारातून बाहेर पडेपर्यंत उभे राहिले.