टोचणारा खडा

चांदी बोलायची त्या काळातली गोष्ट. हुपरीच्या तवनाप्पा पोतदारांनी तान्हूबाईच्या मथीसाठी वाळे घडवले. प्रत्येक वाळ्याला एकच घुंगरू. त्यातलं उजव्या पायाचं घुंगरू सारखं कुरकुरायचं, "काका, पोटात खडा टोचतोय. काढा की."

"नंतर मला बोल लावू नकोस," म्हणत काकांनी फट जराशी रुंदावून खडा काढला. घुंगराला कसं हलकं हलकं वाटलं.

वाळे घालून मथी अंगणभर दुडुदुडु पळाली आणि थबकली. तिनं उजवा पाय आपटून बघितला, पुन्हा आपटला. मग खाली बसून तिनं तो वाळा ओढून काढला आणि चुलीमागं भिरकावला. डाव्या पायाचा तेवढा ठेवला.

तान्हूबाई राखेतला वाळा घेऊन पोतदारांकडं आली. "मुका निघाला वो ह्यो."

घुंगरू हळूच म्हणालं, "काका, खडा घाला."

"टोचंल की."

"टोचू दे."

काकांनी खडा घालून फट दाबली. मथी पुन्हा पळत सुटली. पावलापावलाला घुंगरू आत म्हणत होतं, "टोचतोस रे मेल्या." बाहेर साऱ्या गल्लीला ऐकू येत होतं, छुम.