पितळेच्या पाच गुंड्या

एका गावाबाहेर एक पांढर होती. पांढर म्हणजे मातीचं टेकाड. शेकडो वर्षांमागं गाव तिथंच नांदत होतं. एके वर्षी शहरातून एक शिकलेल्या बाई ती पांढर उकरायला आल्या. मातीतून जुन्या वस्तू शोधायच्या आणि जुनी माणसं कशी राहायची ते ओळखायचं, हे त्यांचं काम.

माती चाळायला गावातल्या बायका होत्या. त्यांत दोघी जावा. धाकटीला या कामाचं भारी वेड. चाळणीत कधी मणी राही, कधी बांगडीचा तुकडा, की ही दिवसभर हरखलेली. बाईंनी मात्र पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "निघेल ती वस्तू आहे तशी, मातीसकट माझ्याकडं द्यायची. जी ऐकणार नाही, तिला चाळणीवरून उठवीन."

एक दिवस धाकटीच्या चाळणीत पाच गुंड्या आल्या, तुरीच्या दाण्याएवढ्या, हिरवा कळंक चढलेल्या. पूर्वी प्रेसची बटणं कुठली? मोठ्यांच्या अंगरख्याला आणि लेकराच्या अंगड्याला गुंड्याच असत, आणि त्यांवरही सोनार-तांबट हौसेनं नक्षी काढत.

आता धाकटीच्या माहेरची रीत अशी, की पितळेची वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायची तर घासूनच द्यावी. जेवणाच्या सुट्टीत तिनं झाडाखालची चिंच उचलली आणि एक गुंडी घासली. आठ पाकळ्यांचं फूल लखलखलं! पण कळंकाबरोबर एक धाग्याचा तुकडा बोटाला आला आणि तिथंच त्याचा भुगा झाला.

थोरली म्हणाली, "अगं, काय केलंस हे! एक चकचकीत आणि चार हिरव्या बघितल्या की बाई तुला उठवणार."

"मग काय करू, जाऊबाई?"

"करायचंय काय? उरलेल्या चारही घास. सगळ्या सारख्या झाल्या की म्हणायचं, निघाल्याच अशा. माती काय साक्ष द्यायला येतीय?"

धाकटीनं दुसरी गुंडी उचलली, उलटी केली. तिलाही खाली धागा चिकटलेला होता. तिचा हात थांबला.

"जाऊबाई, कुण्या आईनं ओवला असेल हा. एकीचा गेला तो गेला. उरलेल्या चारींचा मी नाही पुसायची."

"मग बस मातीच्या टोपल्या वाहत! माझं नाव मध्ये घेऊ नकोस म्हणजे झालं."

धाकटी पाचही गुंड्या घेऊन बाईंपुढं उभी राहिली. "बाई, ही मी घासली. धागा होता, तो गेला. या चारी घासल्या नाहीत."

बाईंचा चेहरा उतरला. "तुला सांगितलं होतं ना?"

"होय, बाई."

"उद्यापासून टोपल्या उचलायच्या."

"होय, बाई." तिचे डोळे भरून आले.

बाईंनी एक हिरवी गुंडी भिंगाखाली धरली आणि त्या चमकल्या. "धागा शाबूत आहे! कळंकानंच एवढी वर्षं राखलाय. पण एवढे वेढे कशाला घातलेत? मला तर काही उमगत नाही. तू बघ बरं."

धाकटीनं भिंगातून पाहिलं आणि ती हसायलाच लागली. "बाई, ही तर आमची गाठ! तीन वेढे आणि वरून उलटा फास. लेकरू गुंडी ओढतं आणि तोंडात घालतं, म्हणून अशी मारतात. माझी आई अशीच मारायची, दातानं दोरा तोडून."

बाईंनी ते शब्द न शब्द लिहून घेतले.

मग बायकांची रांगच लागली. जी ती भिंगात बघे आणि म्हणे, "अगं, माझी पण आई!" कुणाला आईचे सुईनं टोचलेले हात आठवले, कुणाला ती दिव्याशी दोरा धरून एक डोळा मिटायची ते. थोरली सगळ्यांत शेवटी आली. तिनं बराच वेळ भिंगावरचा डोळा काढला नाही. काढला तेव्हा पदरानं पुसावा लागला.

"धाकटे," ती हळूच म्हणाली, "आणि मी या घासायला सांगत होते गं."

तर तात्पर्य इतकंच, बाळांनो: झालेली चूक झाकायला गेलं, की उरलंसुरलंही हातचं जातं.