उद्या पक्षाची धुरपदा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि खरी गोष्ट. नेमकी केव्हाची ते मात्र विचारू नका, कारण वाघढव गावात ज्याला विचाराल तो आपल्या आजीच्या काळातली म्हणतो आणि आजी तिच्या आजीच्या.

तेव्हा वाघढवात धुरपदा नावाची टाकारीण राहायची. पाटा-वरवंटा वापरून गुळगुळीत झाला की त्यावर मिरची वाटली जात नाही, नुसती इकडून तिकडे घसरते. मग टाकारणीला हाक जाते. ती छिन्नी-हातोडी घेऊन येते, दगडाला बारीक टाके घालते आणि दगड पुन्हा खरखरीत होऊन कामाला लागतो. असं म्हणतात, धुरपदेनं टाकी लावलेल्या पाट्यावरची चटणी खाल्ली की पाहुणा दुसऱ्यांदा भाकरी मागायचा आणि तिसऱ्यांदा पाणी. तिच्या जिभेला मात्र कधी टाकी लावावी लागली नाही. ती मुळातच खरखरीत होती.

गाव आणि तालुक्याची वाट यांच्यामध्ये भुलीचा ओढा होता. उन्हाळ्यात शेळीसुद्धा उडी मारून पलीकडे जाई. पण श्रावणात तो असा फुगे, की बाजार पलीकडे, डॉक्टर पलीकडे आणि गाव अलीकडे, पंधरा पंधरा दिवस. धुरपदेच्या थोरल्या सुनेला कळा सुरू झाल्या तो असाच श्रावण होता. झोळी करून तिला काठापर्यंत आणलं आणि काठावरच सगळे थांबले. पाणी उतरलं तेव्हा झोळीत दोन जीव होते आणि दोन्ही गेलेले होते. धुरपदा त्या दिवशी रडली नाही. ती ओढ्याकडे बघत बसली होती, एवढंच जुनी माणसं सांगतात.

पूल का नव्हता? अहो, पूल तर सात वेळा झाला होता. त्या भागात पुढारी दोन, बापूसाहेब आणि तात्यासाहेब. पक्ष वेगळे, झेंडे वेगळे, पण दोघे एकमेकांचे व्याही. निवडणूक आली की एक जण यायचा, ओढ्याकाठी नारळ फोडायचा आणि कोनशिला बसवून जायचा. पुढच्या खेपेला दुसरा यायचा आणि आपली कोनशिला व्याह्याच्या कोनशिलेपेक्षा वीतभर मोठी करायचा. असं करता करता काठावर सात शिळा उभ्या राहिल्या, शेवटची तर माणसाच्या उंचीची. प्रत्येकीवर एकच मजकूर, ‘या पुलाची पायाभरणी अमुक साहेबांच्या शुभहस्ते झाली.’ बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि वाढपी मात्र दर वेळी नवा.

आणि त्या सातही शिळा कोरल्या होत्या कुणी? धुरपदेनं. तिला वाचता येत नव्हतं. शाळेचे जनार्दनगुरुजी गेरूनं अक्षरं काढून द्यायचे आणि ती त्यावरून छिन्नी चालवायची.

मग एका चैत्रात बापूसाहेबांची माणसं गाडीतून आठवी शिळा घेऊन आली. कोरी, काळीभोर, चौघांनी उतरवली तर चौघांच्या कमरा धरल्या. धुरपदेच्या अंगणात टाकली आणि ती माणसं तिला म्हणाली, “आठ दिसांत कोरून ठेव.”

धुरपदेची धाकटी सून काशी दारात धान्य पाखडत होती. तिला पाचवा महिना होता. धुरपदेनं बोटांवर मोजलं. श्रावणच येत होता.

“अन् पूल कवा?” तिनं विचारलं.

“हुईल की उद्या,” माणसं म्हणाली आणि गाडीत बसून गेली.

धुरपदेनं छिन्नी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. गुरुजींकडे गेली आणि म्हणाली, “गुरुजी, सात येळा खोटं कोरलं ह्या हातानं. आता न्हाई. माझा निवडणुकीचा फारम भरा. म्या पक्ष काढलाय.”

“कुठला पक्ष?”

“उद्या पक्ष.”

गुरुजी हसले, मग तिचा चेहरा बघून त्यांनी दौत पुढे ओढली. असं म्हणतात, तो अर्ज घेताना तालुक्याच्या कचेरीतल्या साहेबाच्या हातातून शिक्का दोनदा खाली पडला.

उद्या पक्षाचा जाहीरनामा एवढाच होता. पूल उद्या. डॉक्टर उद्या. रस्ता उद्या. इतर पक्ष हेच देतात, पण भाषण करून. आम्ही भाषणाशिवाय देऊ. पक्षाचा नारळ फोडायचा नाही, किसून चटणीत घालायचा. आणि पक्षाचा एकच नियम होता, ज्याला वचन द्यायचं त्यानं हात लांब करून तळव्यावर वरवंटा धरायचा. वरवंटा खाली आला की वचन संपलं.

गावोगाव पाट्यांना टाकी लावत ती प्रचार करू लागली. बायका पोट धरून हसायच्या. बापूसाहेबांनाही वाटलं, आपणही थोडी गंमत करावी. भर सभेत त्यांनी वरवंटा हातात घेतला. ‘बंधू आणि भगिनींनो’ म्हणेपर्यंत हात थरथरला आणि ‘पूल’ म्हणायच्या आत वरवंटा त्यांच्याच पायावर पडला. तात्यासाहेबांनी तेवढ्यापुरता व्याह्याला आधार दिला. धुरपदा सभेला म्हणाली, “टाकीचे घाव सोसल्याबिगर देवपण येत न्हाई म्हणत्यात. ह्यास्नी वरवंटासुदिक सोसंना.”

निवडणूक झाली. वाघढवातली दोन सोडून सगळी मतं तिला पडली. ती दोन कुणाची हे आजवर कळलेलं नाही, गावात तसं कबूल करणारा अजून जन्मायचाय. पण मतदारसंघ चाळीस गावांचा. उद्या पक्ष पडला, बापूसाहेब निवडून आले. गुलालानं माखलेले, लंगडत मिरवणुकीनं आले आणि धुरपदेच्या दारात थांबून म्हणाले, “काय बाई, आता तुझा पक्ष काय करणार?”

“उद्या सांगते,” धुरपदा म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवशी सूर्य कासराभर वर यायच्या आत ती पहार घेऊन ओढ्याकाठी उभी होती. पहिल्या शिळेच्या बुडाशी तिनं पहार घातली तेव्हा ती एकटी होती. दुसरी शिळा हलली तेव्हा गाव तिच्यामागे होतं.

ओढ्याच्या अरुंद जागी त्यांनी पावलापावलावर शिळा मांडल्या, पण अक्षरं खाली करून. अक्षराला पाय लागला तर सरस्वतीचा कोप होतो, हे प्रत्येकाला आईनं शिकवलेलं. वरची बाजू मात्र गुळगुळीत राहिली. गुरुजी पहिलेच पार निघाले आणि तिसऱ्या शिळेवरून धोतरासकट ओढ्यात बसले.

धुरपदा म्हणाली, “उलटवा शिळा. अक्षरं वर येऊ द्या. कोरलेल्या दगडावर पाय घसरत न्हाई.”

कुणी पुढे होईना. तेव्हा ती एकेका शिळेपुढे वाकली, हात लावून नमस्कार केला. “आई सरस्वती, तुला म्याच खोट्यात कोरलं. आता खऱ्याला लागू दे,” म्हणाली आणि पाऊल टाकलं. मग गावानंही नमस्कार केला आणि पाऊल टाकलं.

मध्यावर, सगळ्यात खोल जागी, एक पाऊल कमी पडत होतं. तिथं अंगणातली कोरी शिळा आणली. तिच्यावर धुरपदेनं नुसती टाकी लावली, पाट्याला लावतात तशी. गुरुजी म्हणाले, हिच्यावर तुझं नाव कोरू. ती म्हणाली, “नावाचा दगड कामाला लावाया सारं गाव लागलं. हिला ऱ्हाऊ द्या तशीच.”

तिसऱ्या दिवशी फौजदार आला. सरकारी शिळा उपटल्या, कुणाला बेड्या घालू, म्हणाला. धुरपदेनं दोन्ही हात पुढे केले. “घाला. पर आधी दगडावर काय लिवलंय त्ये वाचा. मला वाचाया येत न्हाई.”

फौजदारानं वाचलं, ‘या पुलाची पायाभरणी...’ आणि तो थांबला.

“मग आमी दुसरं काय केलं?” धुरपदा म्हणाली.

असं म्हणतात, फौजदारानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि बूट हातात घेऊन त्याच शिळांवरून परत गेला.

श्रावण आला. भुलीचा ओढा फुगला, आणि पाऊस असा की माणसाला समोरचं माणूस दिसेना. आणि काशीला कळा सुरू झाल्या. झोळी काठावर आली आणि उचलणारे थांबले, मागच्यासारखेच. तेव्हा धुरपदा एकटी पाण्यात शिरली, मधल्या कोऱ्या शिळेवर जाऊन बसली आणि हातोडीनं छिन्नी ठोकू लागली. टक, टक, टक. “आवाजाच्या मागं या,” ती ओरडली. त्या पावसात आवाजावर पाऊल टाकत झोळी पार झाली. असं म्हणतात, ओढा त्या दिवशी शिळांपर्यंत चढला, अक्षरांत शिरून खळखळला, पण कुणाच्या घोट्याच्या वर आला नाही. पलीकडे डॉक्टरच्या ओसरीवर काशीला मुलगी झाली. धुरपदा ते ऐकून तिथल्या पायरीवर बसली आणि मग थोरल्या सुनेचं नाव घेऊन पोटभर रडली.

त्यानंतर भुलीच्या ओढ्यानं वाघढवातलं माणूस घेतलं नाही. धुरपदा गेली, तरी ओढा चढू लागला की मधल्या शिळेवरून टक टक ऐकू येतं, असं म्हणतात. मला स्वतःला नाही ऐकू आलं, पण मी ओढा चढायच्या आधीच घरी जातो.

पुढे वरच्या अंगाला मोठा पूल झाला. गाड्या आता त्यावरून जातात. पण निवडणुकीला उभा राहणारा माणूस आजही वाघढवात गाडीनं येत नाही. पलीकडे चपला काढतो, एकेका शिळेला नमस्कार करतो, वरचं नाव मोठ्यानं वाचतो आणि मग पाऊल टाकतो. सातही नावं मुकाट ऐकायला सगळं गाव काठावर उभं असतं. मधल्या कोऱ्या शिळेवर त्याला थांबवतात. तिथं काशीच्या त्या लेकीची नात उभी असते, उद्या पक्षाची उमेदवार, दर वेळी पडणारी. ती त्याच्या लांब केलेल्या तळव्यावर धुरपदेचा वरवंटा ठेवते आणि म्हणते, “बोला. पर उद्याचं नगं. त्यो पक्ष आमचा हाय.”