ठमाईचा नवस

ताई, दोरीच्या अलीकडे उभ्या राहा, आणि जमलं तर केसातलं ते फूल काढून हातात घ्या. सक्ती नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या पाटीवर असा नियम लिहिलेला नाही, तिथे फुलं तोडू नका आणि प्लास्टिक टाकू नका एवढंच आहे. हा आमचा, गवळी धनगरांचा नियम. सड्यावर फुलं उभी आहेत तोवर आमच्यातली बाई डोक्यात फूल माळत नाही. गौरी आल्या तरी नाही, घरात लग्न ठरलं तरी नाही.

समोर पाहा. हा सगळा सडा म्हणजे काळा कातळ, वर बोटभर माती. आणि तिच्यावर एवढी फुलं! पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, पांढरे गेंद, आणि पाणी साचलंय तिथे निळी सीतेची आसवं. दर भाद्रपदात तुमच्यासारखी माणसं गाड्या भरून येतात आणि 'स्वर्ग आहे हो' म्हणतात. मी हो म्हणतो. सत्तरी गाठलेल्या माणसाने पाहुण्यांशी वाद कशाला घालायचा? पण आमच्या जुन्या माणसांनी या फुलांना कधी चांगलं म्हटलं नाही. का, ते सांगतो. तेवढ्यात धुकंही वर सरकेल, मग काढा फोटो.

फार पूर्वी या सड्यावर एकही फूल नव्हतं, असं सांगतात. होतं ते नुसतं गवत; म्हैस बसली तर तिची शिंगंही दिसू नयेत एवढं उंच. आमची बारा घरं तेव्हा कड्याच्या अंगाला होती. शेती नव्हती. म्हशी पाळायच्या, तूप कढवायचं आणि घाट उतरून कोकणात विकायचं, यावर सगळ्यांची पोटं.

एका श्रावणात बुळकांडी आली. म्हशींचा हा रोग आता राहिला नाही, पण माझ्या आजोबांनी पाहिला होता. तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, आणि चार दिवसांत जनावर आडवं. तीन घरांच्या दावणी रिकाम्या झाल्या तेव्हा वस्ती हैबतीकडे गेली. हैबती हा वाघजाईचा पुजारी. उरलेल्या म्हशी घेऊन घाट उतरायचा की इथेच राहायचं, एवढंच देवीला विचारायचं होतं. उतरायचं तर लगेच उतरायला हवं होतं, कारण पाऊस वाढला की घाटाची वाट बंद व्हायची.

आमच्यात देवीला विचारायचं ते कौल लावून. फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून पाषाणाच्या दोन बाजूंना चिकटवायच्या आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. फूल मात्र झाडावरून थेट देवीकडे आलेलं हवं. वास घेतलेलं चालत नाही, माळलेलं तर नाहीच नाही. आणि सड्यावर तर फूलच नव्हतं. ते आणायला खाली ओढ्यापलीकडच्या रानात जावं लागे.

हैबतीचे गुडघे गेले होते, मुलगा आजारी म्हशींपाशी. म्हणून त्याने सुनेला धाडलं. तिचं नाव ठमाई. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माहेराहून आंदण मिळालेली चांदी नावाची म्हैस तिच्या दावणीला होती, गाभण होती. आदल्या दिवशी तिचा भाऊ भेटून गेला होता, त्याने माहेरच्या परसातली सोनचाफ्याची दोन फुलं आणली होती. ती तिने कौतुकाने पदराआड खोप्यात खोवली होती.

ओढ्याला लोंढा आला होता. ठमाई दोनदा पाण्यात उतरली आणि दोनदा मागे आली, म्हणे. काठावर बसून ती विचार करू लागली. सकाळीच चांदीच्या तोंडाला लाळ दिसली होती. रिकाम्या हाताने परत गेलं तर कौल उद्यावर जाणार, आणि घाट उतरायचं ठरलं तर उद्या चांदीच्या अंगात चालायचं बळ उरेल की नाही कोण जाणे. देवीही बाईच आहे, तिला बाईची अडचण कळेल, असं तिने मनाला समजावलं. खोप्यातली फुलं काढली, वाहत्या पाण्यात सात वेळा धुतली आणि पानात गुंडाळून सासऱ्याच्या हातात दिली.

"वड्यापल्याडची हायती न्हवं?" हैबतीने विचारलं.

"व्हय, मामंजी."

राहू का, असं देवीला विचारलं. उजवी पाकळी बसते न बसते तोच गळली. वस्ती राहिली. दोनच दिवसांनी घाटात दरड कोसळून वाट बंद झाली. इकडे सड्यावर रोग हटला. चांदी उठली, चारा खाऊ लागली. देवीने तारलं म्हणून वस्तीने तिच्यासमोर सात घागरी दूध ओतलं. ठमाईने फुलांचं कोणाला सांगितलं नाही, पण तिचाही जीव भांड्यात पडला असणार.

मग भाद्रपद लागला आणि गवत मुळापासून पिवळं पडून बसलं. त्यातून ही फुलं वर आली. कड्यापासून कड्यापर्यंत. असलं काही कोणी पाहिलं नव्हतं. बायका-पोरं हरखून बघत राहिली. म्हशी हुंगायच्या आणि मान फिरवायच्या. माणसांनी झाडांचा पाला ओरबाडून आणला, तो दहा दिवसांत संपला. रोगातून वाचलेली जनावरं भुकेने बसू लागली. चांदी व्याली, पण आचळात दूध नव्हतं. पारडू दुसऱ्या दिवशी गेलं.

तेव्हा ठमाईने सगळ्या वस्तीसमोर खरं सांगितलं. कोणी तिला मारायला धावलं, कोणी रडू लागलं. हैबतीने मात्र तिला जवळ बसवलं. मग म्हणाला, "पोरी, तवाच बोलली असतीस तर दुसऱ्या दिशी लावला असता की गं कौल."

ठमाई वाघजाईपुढे गेली. "आई, तुझं गवत परत यिऊं दे," ती म्हणाली. "मी डोक्यात फूल घालनार न्हाई. माज्या मागच्या लेकीसुना घालनार न्हाईत." असा नवस बोलून ती सड्यावर आली आणि एकेक फूल उपटू लागली, गवताला जागा व्हावी म्हणून. दिवसभर उपटायची, सकाळी तेवढीच पुन्हा उभी असायची. नवव्या दिवशी ती फुलांतच मरून पडलेली सापडली. चांदी त्याच्या आदल्या दिवशीच गेली होती. ठमाईला कोणी सांगितलं नव्हतं.

कोणी म्हणतात देवी रागावली, कोणी म्हणतात माळलेल्या पाकळीचा कौल तो कसला खरा. मला विचाराल तर त्या पोरीची काही चूक नव्हती. पण मला कोण विचारतंय? त्या साली बाकीच्या म्हशीही गेल्या; पुढच्या पिढीने पुन्हा थोड्या म्हशी वर आणल्या आणि दर भाद्रपदात दरीतल्या पाल्यावर कशाबशा जगवल्या. बायकांनी नवस सोडला नाही, आणि देवीने ते पहिलं उंच गवत काही दिलं नाही.

आजही आमच्या बायका या दिवसांत फूल माळत नाहीत. माझी नात कॉलेजला जाते, तीसुद्धा नाही. उद्यान झालं तेव्हा आमची वस्ती खाली सपाटीला नेली, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. गुरांना सड्यावर बंदी आली. म्हशींना सपाटीचं ऊन सोसलं नाही, एकेक करून दावणी मोकळ्या झाल्या.

आणि गेल्या सहा-सात वर्षांत इथली फुलं कमी होत चालली आहेत. तुम्ही पहिल्यांदा आलात, तुम्हाला कळायचं नाही. त्या अंगाला बघा, गुडघाभर गवत आहे. पलीकडे तर कमरेएवढं. उद्यानाचे साहेब काळजीत आहेत. चरायला जनावर नाही म्हणून गवत माजलं, असं ते म्हणतात. आमच्या म्हाताऱ्या म्हणतात, ठमाईचा नवस पावला. परवा मी त्या गवतात जाऊन उभा राहिलो, एक काडी तोडून चावून बघितली. गोड आहे, कोवळं आहे, म्हशीने मान वर करू नये असं. आणि अख्ख्या सड्यावर एक म्हैस नाही.