टेस्टरकाकांची परीक्षा

अवजारं स्वतःच्या पायांनी कामावर जात, त्या काळातली ही गोष्ट. अवजारनगरात टेस्टरकाकांचा मोठा मान होता. तारेला टेकून त्यांनी "करंट नाही" म्हटलं, की पक्कडताई बेधडक तार कापायची.

एकदा नगरपालिकेनं विजेचे नियम बदलले. परवाना जुना असो की नवा, प्रत्येकानं चालू तारेवर परीक्षा द्यायची. काका भडकले. "शहरातला पहिला दिवा माझ्यासमोर लागला, आणि माझी परीक्षा?"

"द्या हो काका, चुटकीसरशी होईल," पक्कडताई म्हणाली.

काका रुबाबात पुढे झाले, तारेला टेकले आणि म्हणाले, "करंट नाही."

सगळ्यांनी वर पाहिलं. त्याच तारेवरचा पंखा डोक्यावर गरगर फिरत होता.

काकांच्या पोटातला, करंट दाखवणारा इवलासा दिवा कधी गेला, ते त्यांनाच कळलं नव्हतं. ते पक्कडताईकडे धावले. "पोरी, सकाळी मी बाजारातली तार बंद आहे म्हणालो ना? तिला हात लावू नकोस!"

नवा दिवा बसवून काका पुन्हा परीक्षेला बसले आणि पास झाले. परवाना घेताना म्हणाले, "मला रोज सकाळी तपासत जा."

"अहो, परवाना पाच वर्षं चालतो," परीक्षा घेणारे हातोडेसाहेब हसले.

"परवाना चालेल हो. दिवा चालतोय का, ते बघा."