ओंजळभर राखेची गल्ली

या मंडळी, जपून. फरसबंदीचे दगड झिजून गुळगुळीत झालेत. आता वर पाहा. दोन्ही बाजूंना लाकडी जाळ्यांची घरं आणि प्रत्येक दारावर निळा पडदा. शहरात इतरत्र ज्याला जो रंग आवडेल तो. आमच्या गल्लीत न्हावी असो की नूडलवाला, पडदा निळाच. दारापाशी पाण्याने भरलेली लाकडी बादली. फोटोत येते म्हणून पुष्कळ जण ती बाजूला सरकवतात. कृपा करून सरकवू नका. का, ते सांगतो.

अडीचशे वर्षांपूर्वी, असं सांगतात, या समोरच्या घरात तोमे नावाची रंगारीण राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. अंगणात जमिनीत पुरलेले चार रांजण आणि त्यांत सासूने सोपवलेली नीळ. ही नीळ राखेच्या पाण्यात आंबवायची, कोंडा घालायचा, रोज ढवळायची. वर जांभळा फेस आला म्हणजे ती जिवंत. मेली तर रंगाऱ्याचं पोट गेलं. ती मरू द्यायची नाही, एवढंच वचन सासूने अखेरच्या क्षणी घेतलं होतं म्हणे.

शेजारी कान्सुके मिठाईवाला. हात गोड, जीभ कडू. निळीचा वास येतो म्हणून त्याची रोजची कुरकुर. त्या वर्षी इथून सरदारांची स्वारी जायची होती, आणि गल्लीचा मुखिया होता नेमका कान्सुके. त्याने फर्मान काढलं, बादल्या रिकाम्या करून आत ठेवा, गल्ली देखणी दिसली पाहिजे. टापटिपीचा सोस आम्हाला आधीपासूनच. सगळ्यांनी निमूट ऐकलं.

"तोमे-सान, तुमचे रांजणही झाकून टाका," तो म्हणाला.

"झाकली की नीळ घुसमटते," तोमे म्हणाली. "वास येऊ दे. सरदारांचे कपडेही याच वासातून निघालेत."

स्वारी आली. ती जाईपर्यंत मान वर करायची नाही, हा नियम. कान्सुकेही चुलीवर गोड चवळीचं सारण ठेवून दारात गुडघे टेकून बसला. सारण करपलं. वास सगळ्यांना आला, धूर सगळ्यांना लागला, पण एकानेही मान उचलली नाही! शेवटचा घोडा वळणाआड गेला तेव्हा कान्सुकेच्या स्वयंपाकघराचं छप्पर पेटलेलं होतं. बादल्या कोरड्या, आणि विहीर पार गल्लीच्या टोकाला.

वारा तोमेच्या घराकडे नव्हता. ती गप्प बसली असती तरी तिचं काही जळलं नसतं.

"बादल्या घेऊन इकडे या!" ती ओरडली. "माझे रांजण भरलेले आहेत."

"अहो, पण नीळ..." कोणीतरी म्हणालं.

"या म्हणते ना!"

चारही रांजण रिकामे झाले. कान्सुकेचं स्वयंपाकघर गेलं, गल्ली वाचली. निळ्या ओघळांनी माखलेल्या भिंतींकडे पाहत तोमे रांजणाच्या काठावर बसली आणि सगळ्यांदेखत रडली. वचन मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी कान्सुके तिच्या दारात उभा राहिला. ओंजळीत राख, त्याच्याच जळलेल्या वाशांची.

"तुमच्या निळीला राख लागते ना?" तो म्हणाला. "माझ्याकडे आता एवढीच आहे."

त्याच्या मागे अख्खी गल्ली आपापल्या चुलीतली राख घेऊन आली होती. तोमेने रांजणांच्या तळाचा गाळ खरवडून एका रांजणात घेतला, त्यावर राखेचं पाणी ओतलं, कोंडा घातला आणि दिवसरात्र त्याच्यापाशी बसून राहिली. अकराव्या दिवशी जांभळा फेस वर आला. सासूची नीळ मेली नव्हती.

आजही नव्या वर्षी प्रत्येक घर रंगाऱ्याकडे ओंजळभर राख नेतं. गॅसच्या शेगड्या आल्या, तरी तेवढ्यापुरती लाकडं पेटतात. त्याच निळीत सगळ्यांचे पडदे रंगतात. कितीही मोठा पाहुणा येवो, बादल्या जागच्या हलत नाहीत.

आणि ही गोष्ट पाहुण्यांना सांगायचं काम कान्सुकेच्या वंशजाचं, असं तेव्हाच ठरलं म्हणे. ते शेजारचं मिठाईचं दुकान माझं. चला, चहा घेऊ. तुमच्यापुढे मान खाली घालून स्वागत करीन, पण आधी चूल बंद करून.