दोराच्या पोटातला काथ्या

समुद्राकाठच्या एका गावात एक दोर वळणारा राहत होता. त्याच्यावर लोकांचा इतका भरवसा की त्याचा दोर कोणी ओढूनही पाहत नसे. दर उन्हाळ्याच्या शेवटी गावची विहीर उपसत, आणि गाळ काढणारा त्याच्याच दोरावर खाली उतरे.

एका वर्षी काथ्या कमी पडला. शेजारच्या गावातून मागायला त्याला कमीपणा वाटला. मग त्याने दोराच्या पोटात जुना, कुजका काथ्या घातला आणि वरून नवा वळला. दोर दिसायला झकास झाला, पण तेव्हापासून त्याला घास गिळवेना.

विहीर उपसायच्या दिवशी सकाळी गाव आधी चर्चमध्ये जाई. मनाला काही टोचत असेल तर ते जाळीआडून फादरना सांगायचं, आणि फादरनी ते कोणालाही कळू द्यायचं नाही, असा धर्माचा नियम होता. दोर वळणाऱ्याने गुडघे टेकले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. कितीतरी दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला. आता पुढचं फादर बघून घेतील, असंही त्याला वाटलं. माणूस मोठा हुशार, कबुली देतानाही ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायला बघतो.

फादर म्हणाले, "देवाला सांगितलंस, बरं केलंस. आता जो उतरणार आहे त्याला सांग. मला बोलता येणार नाही."

त्याने हो म्हणून मान हलवली. पण विहिरीवर जमलेली माणसं पाहून त्याचा धीर सुटला. गाळ काढणाऱ्याने दोर हातात घेतला. तेवढ्यात म्हातारे फादर पुढे झाले आणि यंदा आधी मी उतरतो म्हणाले. लोकांना गंमत वाटली. फादरनी दोर कमरेला बांधला, दोर वळणाऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि कठड्यावरून एक पाय आत सोडला.

दोर वळणाऱ्याने धावत जाऊन त्यांना घट्ट धरलं. "उतरू नका, फादर. दोर आतून कुजका आहे. मीच केलंय हे."

गाळ काढणाऱ्याने दोराचा पीळ उलगडला. आतल्या काथ्याचा बोटांत भुगा झाला. गाळ काढणाऱ्याच्या बायकोने नवऱ्याला हाताला धरून कठड्यापासून मागे ओढलं. गाव संतापलं, आणि संतापायलाच हवं होतं. दोर वळणारा खाली मान घालून सगळं ऐकत राहिला.

शेवटी गाळ काढणारा म्हणाला, "नवा दोर तूच वळ. पण त्यावर आधी तू उतरायचंस."

दोर वळणाऱ्याने शेजारच्या गावातून काथ्या मागून आणला आणि चार दिवस सगळ्यांदेखत दोर वळला. पाचव्या दिवशी तो स्वतः विहिरीत उतरला. वर दोर धरून गाळ काढणारा उभा होता.

तात्पर्य: देवापुढे दिलेल्या कबुलीने मन हलकं होतं, ते माणसांपुढे खरं बोलायचं बळ यावं म्हणून.